बधिरतेची नोंद

दुःख ज्याचे त्यालाच कळते, असे आपण म्हणतो. पण जेथे दुखतच नाही तेथे काय? दाढ ठणकू लागली की माणूस घर जागे करतो. गाल बधिर झाला तर महिनोन् महिने तो कोणाला सांगतही नाही, कारण सांगण्यासारखे त्याला काही वाटत नसते. आणि कधी सांगितलेच, तर ऐकणाऱ्याने ते कोणत्या शब्दांत लिहून ठेवावे, हा प्रश्न मला अलीकडे फार छळतो आहे.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात माझे एक स्नेही दवाखाना चालवतात. गावाचे नाव मुद्दाम गाळतो. तिसऱ्या प्रहरी गर्दी ओसरली की मी तेथे जाऊन बसतो. एकदा बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक बाई आली होती. तिला विचारून डॉक्टरांनी मला आतच बसू दिले. तिची तक्रार एका वाक्याची होती : ‘‘गालावर माशी बसली तरी मना कलत नाय.’’

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. कापसाची बारीक वात करून ते तिच्या चेहऱ्यावर ठिकठिकाणी टेकवीत गेले आणि लागेल तेथे बोट ठेवायला सांगत गेले. कपाळ, हनुवटी, उजवा गाल, सगळीकडे तिचे बोट नेमके गेले. डाव्या गालावरच्या फिकट चट्ट्यावर वात टेकली तेव्हा मात्र हात मांडीवरच राहिला. चेहऱ्यावर ही परीक्षा पुष्कळदा फसवी ठरते, असे ते मला नंतर म्हणाले. तेथे मज्जातंतूंचे जाळे इतके दाट असते की रोग असूनही स्पर्श समजतो. मग त्यांनी वही ओढली, आणि लेखणी थांबली.

हल्ली रोगाच्या नावापुढे त्याचा संकेतांकही लिहावा लागतो. या पद्धतीचा उगम मृत्यूच्या नोंदींत आहे. बर्तियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती हाती घेतली तेव्हा जिवंत माणसांचे आजारही तीत आले. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे, पण या दवाखान्याच्या टेबलावर अजून दहावीच आहे. तीत ‘आर २०.०’ म्हणजे त्वचेची संवेदनाहीनता; नुसते लक्षण, कारण काही नाही. आणि ‘ए ३०’ म्हणजे कुष्ठरोग. लेखणी थांबली होती ती या दोहोंच्या मध्ये.

या यादीचा एक नियम आहे. निदान निश्चित झाले नसेल तर लक्षणच लिहावे. संशयाला रोगाचे नाव देऊ नये. नियम वैद्यकाचा खरा, पण नीतिशास्त्राच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा मला तो अधिक नीतिमान वाटतो. जेवढे हाताला लागले तेवढेच बोल, असे तो सांगतो. आपण एकमेकांविषयी बोलताना हा नियम पाळू लागलो, तर गावातल्या निम्म्या गप्पा बंद पडतील!

पण डॉक्टरांनी एवढ्यात तिच्या मानेची बाजू चाचपून पाहिली होती. कानाखालून जाणारा मज्जातंतू सुतळीसारखा जाड झालेला होता. चट्टा बधिर, तंतू जाड. निदानाला याहून अधिक लागत नाही. म्हणजे दहा वाजता आर २०.० लिहिले असते तर तो संयम ठरला असता, आणि साडेदहा वाजता तोच अंक लिहिणे ही लपवाछपवी ठरणार होती. अंक तोच, बाईचा गालही तोच, मध्ये फक्त डॉक्टरांचे ज्ञान वाढले होते. सत्य वाक्यात असते की वाक्य उच्चारणाऱ्याच्या जाणण्यात, याचा असा रोकडा दाखला मी दुसरा पाहिलेला नाही.

‘‘आर लिहिले तर ते खोटे नाही,’’ डॉक्टर मला हळूच म्हणाले. बाई बाहेर बाकावर जाऊन बसली होती. ‘‘तिच्या मुलीची सोयरीक चालली आहे.’’

त्यांची दया समजते. अगदी २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे आपल्या विवाहकायद्यांत घटस्फोटाचे कारण होते. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा तर रद्द झाला २०१६ मध्ये. कायदे पुस्तकातून गेले तरी माणसांच्या मनातून जायला वेळ लागतो, आणि वहीतला अंक दवाखान्यातच राहील याची हमी कोण देणार?

तरीही ही दया मला पटली नाही. नाव नोंदल्याखेरीज सरकारी औषधाचा क्रम सुरू होत नाही. औषध फुकट आहे. सहा महिने, नाहीतर बारा. ते न मिळता रोग चेहऱ्याच्या मज्जातंतूत वर सरकला तर डोळ्याचे बुबुळ बधिर होते. मग वाळूचा कण गेला तरी डोळा चोळावासा वाटत नाही, जखम होते, आणि वाळवणाच्या वाळूत, उन्हात काम करणाऱ्या बाईची दृष्टी जाते. शिवाय डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून आपण देशभर समाधान मानले. अशा दयाळू लेखण्या ठिकठिकाणी चालू लागल्या तर कागदावरून रोग आणखी वेगाने नाहीसा होईल.

आणि आम्ही दोघे पुरुष हे सारे तिच्यावाचून ठरवीत होतो! आजार तिचा, मुलगी तिची. मी एवढेच म्हटले, ‘‘डॉक्टर, तिला विचारा तरी.’’

त्यांनी तिला आत बोलावले आणि रोगाचे नाव सांगितले. औषधाने तो पुरता बरा होतो, औषध सुरू झाले की त्याचा संसर्ग थांबतो, हेही सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक चाळवीत राहिली. सोयरिकीविषयी ती काही बोललीच नाही. तिने विचारले, ‘‘मंग माझे पोरीला पन तपासाल का?’’

आर २०.० असते तर घरातल्या इतरांना तपासायला कोणीच गेले नसते. डॉक्टरांनी ए ३० लिहिले, आणि खालच्या ओळीत मुलीचे नाव घेतले.