ठिगळ आधी कोणी लावावं?





रामाकोन्यात आम्ही सेविका शाळकरी मुलांचा कपड्यांचा वर्ग घेतो. जुन्या साडीची पिशवी, फाटक्या चादरीचं पायपुसणं, रफू, काजं-बटण. सोबत कापसाचीही गोष्ट सांगतो. सौंसरकडच्या पोरांना कापूस काय नवा? पण एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हा डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेचा अंदाज ऐकून तीही गप्प झाली. जुनं कापड पिंजून परत धागा होतो, पानिपतला तशी ब्लँकेटं बनतात. पण पिंजताना तंतू आखूड होतो, आणि पॉलिस्टर मिसळलेलं असलं तर निवडणं फारच कठीण. म्हणून आहे तोच कपडा जास्त दिवस वापरणं सगळ्यांत बरं.

इथपर्यंत सोपं होतं. मग गाडगेबाबांचं नाव निघालं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि लोक त्यांना मानत. त्यावर सहावीतल्या एका मुलानं विचारलं, "काकू, मंग माह्या ठिगळाले पोट्टे काहून हासतेत?"

या प्रश्नावर आम्ही सेविका दोन-तीन दिवस बोलत होतो. १८७६ साली शेंडगावच्या परीट घराण्यात जन्मलेल्या बाबांना बायको-मुलं होती, शेतीत राबून ते चारचौघांसारखं नेसू शकत होते. ते सोडून त्यांनी चिंध्या घेतल्या. या लेकराचं ठिगळ त्यानं घेतलेलं नाही, ते त्याच्या वाट्याला आलंय. सुई तीच, दोरा तोच; पण एकाला आपण वैराग्य म्हणतो आणि दुसऱ्याला गरिबी. ज्याच्याकडे दोनच सदरे आहेत त्याला अपरिग्रह काय शिकवायचा? तो सोडणार काय?

म्हणून हा धडा आधी भरलेल्या अलमारीवाल्यांचा आहे, असं आम्हाला वाटतं. एका लग्नात नेसलेली साडी दुसऱ्या लग्नात चालत नाही, कारण फोटो ग्रुपवर आलेला असतो. (याच ग्रुपवर, ताईंनो!) मग जागा करायला जुन्या साड्या वाटायच्या आणि त्याला दान म्हणायचं. फॉल उसवलेला, चेन तुटलेली, तसंच गाठोडं. देणं वाईट नाही. पण जे नेसून आपण दर्शनाला जाणार नाही, ते निदान धुऊन, शिवून तरी द्यावं.

घरातल्या ६७ कपड्यांपासून अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली 'गूंज' संस्था आणखी पुढे गेली. तिथं गावकरी विहीर खोदतात, तळं साफ करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याचा हात खाली राहत नाही. आपल्याकडे घाटाच्या सफाईला असं करता येईल का, हे मंडळींनी जरूर कळवावं.

तूर्त ठरलंय ते इतकंच : येत्या गुरुवारी सत्संगाला सेविकांनी रफू किंवा ठिगळ दिसेल अशी साडी नेसून यायचं, आणि वर्गातल्या मुलांनाही बोलवायचं. एका भगिनीचं म्हणणं, त्या दिवशी सुनेच्या माहेरची मंडळी यायची आहेत, तेवढा गुरुवार सोडा. दुसरीचं म्हणणं, मग तर त्याच गुरुवारी. यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.