पासष्ट ठोके

बाबांच्या छातीतल्या पेसमेकरला नऊ वर्षं झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदललं, सोयाबीनला फवारण्या किती झाल्या, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. बाबांचं पेसमेकरचं कार्ड मात्र सात-बाराच्या पिशवीत, पीकविम्याच्या पावत्यांखाली दबलं होतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. दहा-बारा दिवसांनी टाके दाखवा, मग दोन-तीन महिन्यांनी या, पुढं दर सहा महिन्यांनी, फार तर वर्षानं, मशीन तपासून घ्या. पहिली दोन वर्षं गेलो. रिसोडहून मालेगाव, मेडशी, पातूर करत अकोला गाठायचं, दिवस मोडायचा आणि ‘सगळं ठीक आहे’ ऐकून परतायचं. एवढ्यासाठी कशाला जायचं, हे मीच ठरवलं. बाबांना विचारलंही नाही.

यंदा मृगात ते धुऱ्यावर बसून राहायला लागले. ‘‘दम लागते रे,’’ म्हणाले. ‘‘वय झालं बाबा. पेरणी आटोपली की जाऊ.’’ पेरणी आटोपली, डवरणी आटोपली. मध्ये एकदा मोबाइलवर घड्याळ लावून त्यांची नाडी मोजली. झोपून उठल्यावर पासष्ट, वावरातून चालत आल्यावरही पासष्ट. किती ठणठणीत, असं वाटून मी निर्धास्त झालो.

पोळा झाल्यावर नेलं. तपासणाऱ्यानं सदऱ्यावरूनच एक चकती त्यांच्या खांद्याखाली टेकवली आणि पडद्यावर बॅटरी बदलण्याची खूण आली. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली उतरली की या मॉडेलचं मशीन उरलेली ताकद पुरवून वापरतं. हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांचा मेळ राखायचं सोडून देतं, चालताना ठोके वाढवायचं थांबवतं आणि मिनिटाला पासष्टचा एकच ठेका धरतं. म्हणून दम लागत होता. ही खूण लागल्यापासून हातात साधारण तीन महिने असतात. लागल्याची तारीख मशीननं जपून ठेवली होती. जूनचा दुसरा आठवडा.

ज्या नाडीवर मी खूष झालो, ती नाडी मला बोलावत होती.

माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही, सांगितलं होतं. अंतराचंही कारण खोटं आहे. सोयाबीन विकायला मी वाशीमच्या बाजारात रात्रभर गाडीत बसून नंबर लावतो. खरं वेगळंच आहे. नऊ वर्षांपूर्वी बाबा विहिरीजवळ चक्कर येऊन पडले, त्यानंतर ऑपरेशन होईपर्यंत मी रात्री उठून त्यांचा श्वास बघत असे. मशीन बसलं आणि मी झोपायला लागलो. बापाकडे लक्ष ठेवायचं काम मी त्या डबीवर सोपवलं आणि डबीकडे लक्ष ठेवायचं काम कोणावरच नाही.

शरीरात पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस स्वीडनचा आर्ने लार्सन. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये ऑपरेशन झालं आणि ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढं आयुष्यभरात त्याला एकूण 26 पेसमेकर लागले. तो 2001 पर्यंत, 86 वर्षं जगला. हे वाचलं तेव्हा यंत्रापेक्षा त्याच्या बायकोचा विचार जास्त आला. डॉक्टर आणि इंजिनीअरच्या मागे लागून तिनंच ते पहिलं ऑपरेशन करवून घेतलं होतं. मला तर एका तपासणीसाठी एक दिवस काढवत नव्हता.

बाबांची डबी बदलली. तारा चांगल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. परतताना पातूरला चहाला थांबलो, तेव्हा मी विचारलं, ‘‘एवढा त्रास होता तर पुन्हा का नाही बोलले?’’

त्यांनी बशीतला चहा संपवला. ‘‘पेरनी चालू होती ना तुही,’’ म्हणाले. ‘‘मी दिवस मोजत होतो. आठ राह्यले, सात राह्यले.’’