वेदनेचे प्रमाण

दुसऱ्याची वेदना कशी जाणली जाते, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तसाच प्रमाणशास्त्राचाही, म्हणजे ज्ञानाची खात्री कशाने पटते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचाही आहे. न्यायदर्शनाच्या मते सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण असून ज्याचे त्याला ते मनाच्या द्वारे प्रत्यक्ष कळतात. इतरांना मात्र ते केवळ अनुमानाने कळू शकतात. जखम, सूज किंवा ताप असेल तेथे हे अनुमान सोपे असते. परंतु सुश्रुतसंहितेने अर्धावभेदक म्हणून शिरोरोगांत गणलेल्या अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्ये, बाहेरून दिसणारी इजा नसते आणि मेंदूच्या तपासणीतही बहुधा काही सापडत नाही, त्यामुळे रुग्णाच्या सांगण्यावर घरात आणि कचेरीत सहज संशय घेतला जातो.

मेंदूच्या ऊतीला स्वतःला दुखणे कळत नाही. दुखतात ती त्याची आवरणे आणि त्यांतील रक्तवाहिन्या, आणि तेथील वार्ता नेणारी प्रमुख चेता म्हणजे चेहऱ्यावर तीन शाखांनी पसरणारी ट्रायजेमिनल चेता होय. तिची पहिली शाखा डोळा व कपाळ यांच्याबरोबरच मेंदूच्या आवरणालाही तंतू पुरवत असल्यामुळे आवरणातील उद्दीपन डोळ्यामागचा ठणका म्हणून जाणवते. 1664 साली, तत्त्वज्ञ देकार्तच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात चेतेची तुलना एका टोकाला ओढताच दुसऱ्या टोकाची घंटा वाजवणाऱ्या दोरीशी केलेली आहे. म्हणजे तेथे चेता ही नुसती निरोप्या ठरते. प्रत्यक्षात उद्दीपित झालेली संवेदी चेता जेथून वार्ता आणते तेथेच न्यूरोपेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, सोडते. त्यांपैकी 37 अमिनो आम्लांचे सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंदावते आणि वेदनामार्ग अधिक हळवा करण्यास हातभार लावते, ज्यामुळे एरवी न जाणवणारे नाडीचे ठोके किंवा जिना चढण्याचे साधे श्रमही असह्य होतात. निरोप्याच निरोपाचा मजकूर वाढवू लागतो, असे हे विलक्षण कार्य आहे.

ट्रायजेमिनल चेता आणि मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्या यांच्या या संबंधाकडे संशोधक मायकेल मॉस्कोविट्झ यांनी 1979 साली लक्ष वेधले, तेव्हा त्यांचा भर ‘सब्स्टन्स पी’ या दुसऱ्या पेप्टाइडवर होता. पुढे त्याच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरील रिसेप्टरना, अडवणारी औषधे मात्र अर्धशिशीवर निष्फळ ठरली. 1990 साली गॉड्सबी, एडविन्सन आणि एकमन यांना झटक्याच्या वेळी मानेतील शिरेच्या रक्तात सीजीआरपी वाढलेले आढळले, 2002 साली ते शिरेवाटे दिल्यावर अर्धशिशीच्या काही रुग्णांत झटक्यासारखी डोकेदुखी सुरू झाल्याचे दिसले, आणि 2018 साली अमेरिकेत त्याच्या ग्राहीला अडवणाऱ्या एरेन्युमॅब या औषधास मान्यता मिळाली.

या शोधांनी अनुमानाला प्रथमच एक भक्कम वाटणारा हेतू दिला. नैयायिकांच्या भाषेत हेतू म्हणजे ज्यावरून अप्रत्यक्ष गोष्ट सिद्ध करायची ते चिन्ह, जसे डोंगरावरील अग्नी सिद्ध करणारा धूर. मात्र हेतू निर्दोष ठरण्यासाठी व्याप्ती लागते, म्हणजे जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी हा नियम कोठेही मोडता कामा नये. सीजीआरपी निरोगी माणसाला दिले तर त्याला बहुधा सौम्य डोकेदुखीच होते, म्हणजे चिन्ह असते आणि अर्धशिशी नसते. याउलट 2005 च्या एका अभ्यासात झटका चालू असतानाही मानेतील रक्तात त्याची वाढ दिसली नाही, आणि ते अडवणारी औषधेही सर्व रुग्णांना लागू पडत नाहीत. अर्धशिशी नसतानाही आढळणाऱ्या अशा चिन्हास सव्यभिचार, म्हणजे नियम मोडणारा, हेतू म्हणतात. रोगाची यंत्रणा उलगडण्यास आणि उपचार शोधण्यास ते अत्यंत मोलाचे असले, तरी एखाद्या विशिष्ट माणसाला वेदना आहे की नाही याचा निवाडा त्यावर टाकता येत नाही, आणि त्याच्या अभावावरून वेदनेचा अभाव सिद्ध करणे तर त्याहून चुकीचे आहे.

मग उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय माणसाचे सांगणे. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्त कोणास म्हणावे हे ठरवताना जात किंवा विद्वत्ता पाहिली नाही. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. स्वतःच्या वेदनेपुरते साक्षात ज्ञान प्रत्येक रुग्णाला असतेच, आणि सांगण्यात खोट असू शकली तरी न्यायमतानुसार संशयालाही कारण लागते. रक्तात किंवा मेंदूच्या छायाचित्रात काही न दिसणे हे असे कारण होऊ शकत नाही, कारण व्यभिचार त्या चिन्हात आहे, साक्षीत नाही. वेदना हा शब्दच जाणणे या अर्थाच्या ‘विद्’ धातूपासून आला आहे. जाणणारा एकच असतो, आणि इतरांच्या हाती असते ते त्याचे सांगणे प्रमाण मानणे.