जोडीचे कर्म आणि फळाची वाटणी

कर्मसिद्धान्ताची रूढ मांडणी एकट्या कर्त्याला गृहीत धरते: ज्याने केले त्यानेच भोगावे, आणि ज्याने केले नाही त्याच्या वाट्याला ते फळ येऊ नये. या व्यवस्थेच्या रक्षणासाठी भारतीय दर्शनकारांनी दोन दोष सांगितले आहेत. केलेले कर्म फळ न देताच वाया जाणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. यांपैकी एकही दोष जिथे घडतो ती व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही, असा त्यांचा आग्रह आहे. मात्र दोन माणसे मिळून एकच कर्म करतात तेव्हा कर्ता कोणाला म्हणावे आणि फळ कसे वाटावे, हा प्रश्न या मांडणीत सहज सुटत नाही. तो तपासायला पुरुष दुहेरी बॅडमिंटनचे क्षेत्र विलक्षण सोयीचे आहे, कारण तिथे कर्म, दोष आणि फळ ही तिन्ही उघड्यावर घडतात आणि लगेच मोजली जातात.

बॅडमिंटनच्या नियमांनुसार दुहेरीत गुण खेळाडूला मिळत नाही, बाजूला मिळतो. सर्व्हिस परतवण्याचा अधिकार तिरप्या कोर्टातील एकाच खेळाडूला असतो, परंतु त्यानंतर दोघांपैकी कोणीही शटल मारू शकतो. मात्र एकाने मारलेल्या शटलला पाठोपाठ त्याच्याच जोडीदाराची रॅकेट लागली तर तो दोष ठरतो आणि गुण समोरच्यांना जातो. म्हणजे दोन देहांना मिळून एकाच फटक्याची मुभा आहे. भारताचा दुहेरी खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या नावावर ताशी 565 किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा विश्वविक्रम 2023 मध्ये नोंदला गेला, पण तो वेग प्रयोगादाखल मोजलेला होता. सामन्यात तसा स्मॅश मारायचा तर आधी शटल उंच यावे लागते, आणि प्रतिस्पर्ध्याला ते उचलणे भाग पडावे म्हणून जोडीदाराला जाळीजवळची जागा रोखून धरावी लागते. गुण ज्या फटक्याने मिळतो त्याचा कर्ता शोधू लागल्यास शोध दोघांपाशी येऊन थांबतो. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सात्विक आणि त्याचा जोडीदार, मुंबईचा चिराग शेट्टी, यांनी दक्षिण कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि किम वॉन-हो यांना 21-18, 21-16 असे हरवून या स्पर्धेतील भारताचे पहिले बॅडमिंटन सुवर्णपदक जिंकले. त्यातील अमुक गुण एकाचे आणि तमुक दुसऱ्याचे असा हिशेब कोणी मांडलाच, तरी तो खेळाचा हिशेब होणार नाही.

या प्रश्नाचे सर्वांत काटेकोर उत्तर पूर्वमीमांसेत, म्हणजे यज्ञकर्माच्या विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, सापडते. सत्र नावाचा सोमयाग किमान सतरा जण मिळून करतात. त्यात सर्वच यजमान आणि सर्वच ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, असल्यामुळे दक्षिणा कोणी कोणाला देत नाही. या शास्त्राचा सूत्रकार जैमिनी याच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात असा विचार केला आहे की सत्राचे फळ सतरा ठिकाणी विभागले जाते की प्रत्येकाला पूर्ण मिळते. आणि सिद्धान्त असा आहे की प्रत्येकाला संपूर्ण फळ मिळते. हा निर्णय धाडसी आहे, आणि योग्यही आहे. संकल्प, म्हणजे हे कर्म या फळासाठी मी करीन असा आरंभीचा निश्चय, प्रत्येकाने पूर्ण कर्माचा केलेला असतो. अर्ध्या विजयाची इच्छा धरून दुहेरीच्या कोर्टात कोणी उतरत नाही. म्हणून जोडीदाराच्या फटक्याचे फळ मिळणे हा अकृताभ्यागम नव्हे, कारण संकल्पाच्या दृष्टीने तो फटका परक्याचा राहिलेलाच नसतो.

हेच तत्त्व दोषालाही लागू करावे लागते, आणि तिथे ते पचायला जड जाते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मार्क लाम्सफुसला गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली, तेव्हा त्याचा जोडीदार मार्विन सायडेल यालाही स्पर्धा सोडावी लागली आणि त्यांनी आधी खेळलेल्या सामन्याचा निकालही गटाच्या गणनेतून वगळण्यात आला. सत्रात एखादा यजमान मध्येच निवर्तला तर कर्म पूर्ण व्हावे म्हणून प्रतिनिधी घेता येतो. तो प्रतिनिधी फळाचा स्वामी होत नाही, एवढेच. बॅडमिंटन त्याहून कठोर आहे, कारण तिथे प्रतिनिधीच नाही.

टोकियो ऑलिंपिकचा प्रसंग मात्र याहून वेगळा आहे, आणि त्याला सत्राचे तत्त्व लावता येत नाही. तिथे सात्विक आणि चिराग यांनी गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले. त्यांतला एक तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांच्याविरुद्ध 21-16, 16-21, 27-25 असा होता. तरीही तीन जोड्यांचे विजय समान झाल्याने जिंकलेल्या आणि हरलेल्या गेममधील फरक पाहिला गेला, भारतीय जोडी गटातच थांबली, आणि जिला त्यांनी हरवले होते त्या जोडीने सुवर्णपदक जिंकले. इथे फळ ठरवण्यात ज्यांचा हात होता ते सहसंकल्पी नव्हते, प्रतिस्पर्धी होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगताना कर्ता हे त्यांपैकी केवळ एक मानले आहे. टोकियोतील निकाल समजून घ्यायला ही गणना उपयोगी पडते. पण ती निकालाची उपपत्ती देते, त्याला न्याय्य ठरवत नाही, आणि हा फरक पुसून सांत्वन करणे त्या दोघांच्या श्रमांवर अन्याय करणारे आहे.

मराठीतील कर्मविचार बहुधा गीतेपाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे तो एकट्या साधकाचा विचार राहतो. संसार, शेती, सहकार आणि खेळ या सर्वांत माणसे मिळून कर्म करतात. त्यांच्यासाठी जैमिनीचा सहावा अध्याय अभ्यासकांनी सोप्या मराठीत उलगडून द्यावा.