परिचर्या : सेवा, नोकरी की व्यवसाय?

एखादे काम उपजीविकेच्या पलीकडे जाऊन वैद्यकी किंवा वकिलीसारखा ‘व्यवसाय’, म्हणजे समाजशास्त्राच्या परिभाषेतील ‘प्रोफेशन’, केव्हा ठरते, हा प्रश्न गेली शंभराहून अधिक वर्षे परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, मानगुटीवर बसलेला आहे. वैद्यकीला तो कोणी विचारत नाही आणि सुतारकामाला विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. विचारला जातो तो मधल्या पायरीवर उभ्या असलेल्यांना. त्यातील पेच तपासण्यासाठी येथे दोन कल्पित पात्रांचा संवाद योजला आहे. एक आहेत समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि दुसऱ्या शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेल्या अधिसेविका, ज्यांना रुग्णालयात सर्रास मेट्रन म्हणतात. एकाकडे सिद्धांत आणि दुसऱ्याकडे अनुभव, अशी सोपी वाटणी मात्र या संवादात फार वेळ टिकत नाही.

प्राध्यापक : या विषयावरचा मूळ आक्षेप अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१५ मध्ये बाल्टिमोर येथील भाषणात नोंदवला. भाषणाचा विषय समाजकार्य हा होता, परिचर्येचा उल्लेख ओघात आला. काम बौद्धिक असावे व त्याची मोठी वैयक्तिक जबाबदारी करणाऱ्यावर असावी, त्याची सामग्री विज्ञानातून आणि विद्येतून यावी, त्याला निश्चित व्यावहारिक उद्दिष्ट असावे, त्याचे तंत्र शिकवता यावे, ते करणाऱ्यांची स्वतःची संघटना असावी आणि मागे परहिताची प्रेरणा असावी, अशा सहा कसोट्या त्यांनी सांगितल्या. परिचारिका अडते ती पहिल्याच कसोटीवर, कारण तिची जबाबदारी मुळातलीही नाही आणि अखेरचीही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मॅडम, त्यानंतर बरेच काही बदलले, पण केसपेपरवर ऑर्डर लिहिणारा हात बदललेला नाही.

अधिसेविका : सर, ऑर्डर कोणी लिहिली एवढेच पाहायचे असेल तर फ्लेक्सनर बरोबर आहेत. पण डॉक्टरांच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या राउंडच्या मधला जो वेळ जातो, त्यातच रुग्ण सुधारतो किंवा खालावतो. रात्री तीन वाजता श्वासाची गती वाढली आहे, लघवी कमी झाली आहे, बोलणे असंबद्ध होऊ लागले आहे, हे जिच्या लक्षात पहिल्यांदा येते, तिची जबाबदारी मुळातली नाही असे कसे म्हणायचे? डॉक्टरांना आत्ता उठवायचे की आणखी अर्धा तास पाहायचे, हे कोणत्याही ऑर्डरमध्ये लिहिलेले नसते. सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे पोटॅशियम क्लोराइड कोणी घाईत थेट शिरेतून द्यायला सांगितले तर हृदय बंद पडू शकते. तेव्हा ते न देता ऑर्डर पुन्हा लिहून मागणारी परिचारिका नुसती सांगकामी राहत नाही.

प्राध्यापकांनी येथे आक्षेपाची जागा बदलली आणि ते योग्यच झाले, कारण स्वतः डॉक्टर नसलेल्या फ्लेक्सनर यांनी परिचारिकेचे काम डॉक्टरांच्या खिडकीतून पाहिले होते, आणि तो मुद्दा आज फार ताणण्यासारखा नाही. त्यांनी पुढे आणला तो एमिताई एत्झिओनी यांनी १९६९ मध्ये संपादित केलेला ग्रंथ, ज्यात शिक्षक, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांना ‘अर्धव्यवसाय’ या गटात बसवले आहे. प्रशिक्षणाचा काळ कमी, विशेष ज्ञानाचा साठा लहान आणि वरून होणारी देखरेख अधिक, अशी या गटाची लक्षणे. एलियट फ्रिडसन यांनी तर १९७० मध्ये लक्षणांची यादीच बाजूला सारली आणि आपल्या कामाची पारख आपणच करू, बाहेरच्याने नाही, हा हक्क ज्यांनी समाजाकडून मिळवला तेच खरे व्यावसायिक, असे मांडले. या दृष्टीने व्यवसाय ही सत्तेची एक वाटणी ठरते, आणि त्या वाटणीत परिचर्येच्या पदरात थोडेच पडलेले दिसते.

प्राध्यापक : आपल्याकडे तर याहून अवघड प्रश्न आहे. पुस्तकात परिचारिकेची म्हणून जी कामे सांगितलेली असतात, म्हणजे अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, ती आपल्या रुग्णालयांत रुग्णाची बायको, बहीण किंवा वॉर्डातल्या मावशी करतात. जे काम कोणताही नातेवाईक दोन दिवसांत शिकतो, त्यावर व्यवसायाचा दावा कसा सांगायचा? शस्त्रक्रिया करायला कोणी नातेवाइकाला सांगत नाही.

अधिसेविका : नातेवाईक अंघोळ घालतो, सर. परिचारिका अंघोळ घालताना माकडहाडावरची कातडी पाहते. तिथे लाली दिसली तर बोटाने दाबते. दाबल्यावर लाली क्षणभर फिकी पडली तर रक्तप्रवाह शाबूत आहे, आणि फिकी पडली नाही तर कातडी फाटण्याआधीच बेडसोरची, म्हणजे दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी सुरू झाली आहे. त्याच वेळी ती पाहते की रुग्ण कोणत्या कुशीवर जायला कण्हतो, खोकला किती जोरात येतो, भरवलेला घास गिळला जातो की गालात साठतो. काम तेच, पण त्यातून उचललेली माहिती वेगळी. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी परिचर्येची व्याख्याच अशी केली की माणसाकडे बळ, इच्छा किंवा ज्ञान असते तर त्याने स्वतः जे केले असते, ते करायला त्याला मदत करणे, आणि तेही तो लवकरात लवकर स्वावलंबी होईल अशा रीतीने. शेवटची अट नातेवाइकाला पाळता येत नाही. तो प्रेमापोटी सगळेच करून देतो.

प्राध्यापक : मग पेच आणखी घट्ट होतो. हे ज्ञान जर हाताने, अंगाला अंग लागून मिळत असेल, तर व्यवसाय म्हणून मान्यता मिळवण्याची प्रत्येक पायरी परिचारिकेला त्या ज्ञानापासून दूर नेते. पदवी मिळाली की ती ट्यूटर होते, बढती मिळाली की रजिस्टरे आणि इंडेंट, म्हणजे सामानाची मागणीपत्रे, सांभाळते, आणि अंघोळीचे काम मावशींकडे जाते. म्हणजे व्यवसाय वर चढतो आणि परिचर्या खाली, वॉर्डातच, राहते.

अधिसेविकांना याचे उत्तर सहज देता आले नाही, आणि हा आक्षेप या संपूर्ण चर्चेतला सर्वांत वजनदार आहे हे मान्य करावे लागते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी परिचारिका अनुभवातून तज्ज्ञ कशी होत जाते याचे विवेचन करताना हेच दाखवले की तिचे सर्वांत मौल्यवान ज्ञान नियमात न बसणारे, प्रसंगातून मुरलेले असते. पण ज्या ज्ञानाचे श्रेय पगारपत्रकात मोजता येत नाही, ते टिकवण्यासाठी बढती सोडून खाटेपाशी थांबावे, अशी अपेक्षा एखाद्या व्यक्तीकडून करणे हे व्यवस्थेचे अपयश तिच्या त्यागाने झाकण्यासारखे आहे.

‘सेवा’ या कल्पनेपाशी संवाद आला तो याच वळणावर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा उभी केली, पण परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांचा विरोध होता, कारण परीक्षेने आणि नोंदवहीने शील तपासता येत नाही अशी त्यांची धारणा होती. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी उलट बाजूने तीन दशके झुंज दिली आणि इंग्लंडमध्ये १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. महाराष्ट्रातील वाट निराळी होती. परक्या पुरुषाच्या शरीराला स्पर्श, मलमूत्र, रात्रपाळी आणि जातीचा विटाळ, या सगळ्यांमुळे पांढरपेशा घरांतील स्त्रीला हे काम निषिद्ध होते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विधवांना आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, ते सेवेच्या पवित्र आवरणाखालीच शक्य झाले. त्या काळी या आवरणाने दार उघडले. पुढे तेच आवरण पगार, पाळ्या आणि अधिकार यांविषयी बोलणाऱ्या परिचारिकेच्या तोंडावर ओढले जाऊ लागले, हेही तितकेच खरे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगारासाठी त्यांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान खासगी रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले. सेवेची थोरवी गाणाऱ्यांपैकी किती जणांना ही रक्कम ऐकून धक्का बसला, हे पाहण्यासारखे आहे.

प्राध्यापक : तरीही मॅडम, परिचर्येचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून महाराष्ट्र ज्याच्याकडे पाहतो, ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण सेवेचेच आहे, व्यवसायाचे नाही. १९७३ मध्ये हल्ला झाल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, बेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले ते आपल्यातलीच एक म्हणून. दयामरणाची याचिका आली तेव्हा त्यांनी विरोध केला तोही जिव्हाळ्याने. व्यावसायिकाकडून अपेक्षित असलेली तटस्थता त्यात कुठे होती?

अधिसेविका : सर, इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या शरीरावर बेडसोर होऊ दिला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. तो परिणाम एकट्या जिव्हाळ्याचा असू शकत नाही. ज्या मुली १९९० किंवा २००० नंतर केईएममध्ये रुजू झाल्या, त्यांनी अरुणाताईंना सहकारी म्हणून कधी पाहिलेच नव्हते. त्यांना मागच्या पाळीकडून ओव्हर घेताना मिळाले ते वेळापत्रक, कूस बदलण्याची पद्धत, भरवण्याची रीत आणि ‘हे चुकता कामा नये’ हा दंडक. घरातले प्रेम माणसाबरोबर संपते. करणारी माणसे बदलत गेली तरी दर्जा बदलला नाही, तर त्याला व्यवसायच म्हणावे लागेल.

प्राध्यापक : कूस बदलण्यापुरते हे पटते. पण जगवत ठेवायचे की नाही, या प्रश्नावर त्या कुटुंब म्हणून बोलल्या.

अधिसेविका : बोलल्या, कारण परिचारिका म्हणून बोलल्या असत्या तर त्यांचे मत कोणी विचारले असते?

न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात, स्वतः बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेकडे नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे आहे, असे मानले. परिचारिकांच्या मताला असे वजन भारतीय न्यायव्यवस्थेत क्वचितच मिळाले असेल, आणि ते मिळाले ते त्यांच्या ज्ञानाच्या नव्हे, तर नात्याच्या बळावर. अधिसेविकांच्या प्रश्नातला कडवटपणा म्हणूनच अनाठायी वाटत नाही. दीर्घकाळ शरीर सांभाळताना रुग्णाच्या वेदनेविषयी आणि प्रतिसादाविषयी जे कळते, त्याला साक्षीपुराव्याचा दर्जा देणारी भाषा वैद्यकीकडे नाही आणि कायद्याकडेही नाही.

यानंतर अधिसेविकांनी स्वतःहून अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, विषय काढला. तेथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आग लागून त्याच दिवशी अकरा रुग्ण दगावले, आणि त्यानंतर पोलिसांनी एका डॉक्टरांबरोबर तीन परिचारिकांना अटक केली.

अधिसेविका : वॉर्डाची वायरिंग कशी असावी, आग विझवण्याची यंत्रणा कधी बसवावी, एका पाळीत किती जणी असाव्यात, यातले काहीही परिचारिका ठरवत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीला तो कुठे पाळला जातो ते सर्वांना ठाऊक आहे. अधिकार मोजायची वेळ आली की ती सहायक असते आणि अटक करायची वेळ आली की ती जबाबदार असते. फ्लेक्सनर यांना अखेरची जबाबदारी दिसली नाही, पोलिसांना मात्र ती लगेच दिसते.

प्राध्यापक : लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास करून दाखवले की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे संख्येचा निर्णय हा प्रशासकीय नसून उपचाराचाच भाग आहे, आणि तो परिचारिकेच्या हाती नाही. इथे फ्रिडसन यांची कसोटी लागू पडते. पण समजा, अधिकार मिळाले. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत स्वतः उपचाराचे निर्णय घेणारी परिचारिका, घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम परिषदेने आखलेला आहे. परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा परिचर्येच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदाही २०२३ मध्ये आला आहे. स्वतःच्या सहीने औषध सुरू करायचे आणि चुकले तर डॉक्टरांकडे बोट न दाखवता न्यायालयात उभे राहायचे, याला वॉर्डातली परिचारिका तयार आहे का?

अधिसेविका : सहीची भीती नाही, सही नसतानाही अटक होतेच. पण औषध लिहिण्याच्या अधिकाराआधी दुसरा एक अधिकार हवा. रुग्णांची संख्या मर्यादेपलीकडे गेली की ‘या पाळीत हा वॉर्ड सुरक्षित नाही’ असे लेखी नोंदवायचे, नवा रुग्ण घेणे थांबवायचे, आणि वरिष्ठांनी त्या नोंदीला त्याच दिवशी उत्तर द्यायचे.

प्राध्यापक : असा अधिकार शासकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही नाही, मॅडम. खाटा भरल्या की जमिनीवर गादी टाकून रुग्ण घ्यावाच लागतो.

अधिसेविका : मग सर, एत्झिओनींच्या यादीत आणखी एक नाव घालावे लागेल.