घुमटाचे कातडे

गणपतीचे दिवस आले की आमच्या आरोंद्याच्या बाजूला आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे पेडण्यात आरतीबरोबर घुमट वाजू लागते. १९६१ सालापर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. पण नाद काही नाक्यावर अडत नाही. गोव्यात देवळातल्या आरतीला घुमट लागते, आणि ख्रिस्ती घरांतल्या मांडोलाही तेच साथ करते.

वाद्य म्हणाल तर अगदी गरिबाघरचे. कुंभाराने घडवलेले दोन तोंडांचे मडके. थोरल्या तोंडावर कातडे ताणलेले, धाकटे उघडे. एका हाताने थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने धाकटे तोंड कमीजास्त झाकायचे, म्हणजे नाद पालटतो. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडे सैल पडते. मग ते शेकून पुन्हा सुरावर आणावे लागते. दूरच्या क्यूबा बेटावर कोंगा नावाचे ढोल आहेत. त्यांचे कातडेही पूर्वी खिळ्यांनी ठोकलेले असे आणि वाजवण्याआधी जाळावर धरून ताणावे लागे. तिथे पुढे लोखंडी पेच आले. आमच्या घुमटाला अजून ऊबच पुरते.

हे कातडे परंपरेने घोरपडीचे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले, आणि पुढे घुमटावर बोकडाचे कातडे चढू लागले. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. जुने जाणकार मात्र हळहळतात, "तो नाद गेला!" त्यांचे कान खोटे बोलत नाहीत. प्रश्न एवढाच, की गोड नादासाठी रानातला जीव मागण्याचा अधिकार परंपरेला आहे काय?

वर्गात हे सांगत असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, बोकडय मरताच मां?"

प्रश्न बिनतोड आहे. बोकड माणसाने पाळला, वाढवला. त्याच्या जन्ममरणाचा हिशेब आपल्या गोठ्यातला आहे. घोरपड आपण वाढवलेली नाही. ती रानाकडून केलेली उसनवारी, आणि ती फेडण्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. हे उत्तर अपुरे आहे, हे मला कळते. हिंसा मुळीच न करता जगणे माणसाला साधलेले नाही. परंतु सगळी टळत नाही म्हणून टळेल तेवढीही टाळू नये, हा काही न्याय नव्हे.

मात्र नाद तसाच राहिला, अशी मनाची समजूतही घालू नये. काहीतरी खरोखरच गेले आहे. ज्यात काही गमवावे लागत नाही, त्याला त्याग कोण म्हणेल? उद्याच्या पोरांना बोकडाच्या कातड्याचाच नाद अस्सल वाटेल, आणि त्यांची आरती रंगेल तेव्हा कुठल्याशा कातळावर एखादी घोरपड निवांत ऊन खात असेल. वडिलांकडून आलेला वारसा जाणूनबुजून थोडा उणा करून मुलांच्या हाती द्यावा, असे प्रसंग थोडेच येतात. हा त्यांतला एक आहे, असे मला वाटते.