तोटा कोणाच्या पदरी?

शाळेच्या गणितात नफा-तोट्याचे एक प्रकरण असते. त्यातल्या उदाहरणांत तोटा कोणाला झाला हे आधीच सांगितलेले असते. मुलांनी तो किती झाला एवढेच काढायचे असते. व्यवहारात पुष्कळदा याच्या उलट घडते. तोटा किती हे सर्वांना ठाऊक असते, तो कोणाचा हेच ठरत नाही. करोनाच्या काळात सुट्टीसाठी घर भाड्याने ठरवलेल्या असंख्य कुटुंबांपुढे हाच सवाल उभा राहिला. प्रवासावर निर्बंध आले, विलगीकरणाचे नियम रातोरात बदलले आणि आगाऊ दिलेल्या पैशांवरून घरमालक आणि पाहुणे एकमेकांसमोर उभे ठाकले. आम्हीही त्यांतलेच एक. आमची रक्कम लहान होती, पण तिने आम्हाला आमच्याविषयी जे शिकवले ते लहान नव्हते.

आम्ही भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. 2020 च्या जूनमध्ये आमचे अब्बा गेले. थोरले भाईजान दुबईत नोकरीला. नेहमीची विमानसेवा बंद होती, त्यामुळे त्यांना मातीलाही येता आले नाही. डिसेंबरात त्यांना बारा दिवसांची रजा मिळाली. चारही मुले एकदा डोळ्यांसमोर एकत्र असावीत, एवढीच अम्मीची इच्छा. म्हणून दापोली तालुक्यातील कर्दे येथे समुद्राजवळचे एक घर 25 डिसेंबरपासून चार रात्रींसाठी घेतले. भाडे 24 हजार, त्यातले 12 हजार आगाऊ पाठवले.

21 डिसेंबर 2020 रोजी राज्य सरकारचा आदेश आला. ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळला होता. युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्या प्रवाशांना चौदा दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण सक्तीचे झाले. भाईजानचे तिकीट 23 तारखेचे. बारा दिवसांच्या रजेत चौदा दिवसांचे विलगीकरण कसे बसावे? त्यांनी तिकीट रद्द केले. अम्मी म्हणाली, “तो नाही तर समुद्र काय बघायचा?” आम्ही कर्द्याला फोन करून पैसे परत मागितले.

घराच्या मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, घर मी बंद केलेलं नाही. झाडून-पुसून तयार आहे. तुम्ही या ना. न येणं तुमचं, मग पैसे परत कशाचे?”

आम्हाला राग आला. धाकटा भाऊ तर तक्रारीचा मसुदा लिहायलाच बसला. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला होता. आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फीही लागत नाही. मार्ग सोपा होता. आम्ही पुन्हा फोन केला तेव्हा काकूंनी दुसरी गोष्ट सांगितली. 3 जूनच्या निसर्ग चक्रीवादळात त्यांचे छप्पर उडाले होते, पोफळी आडव्या झाल्या होत्या. आमची आगाऊ रक्कम आली तशी पत्र्यांच्या दुकानात गेली. “तुमचे बारा हजार छपरावर आहेत, सर. काढून देऊ कसे?”

राग थोडा बाजूला ठेवून पाहिले तर या भांडणात तीन वेगवेगळे प्रसंग मिसळलेले असतात. पहिला, घरच मिळू शकत नाही. सरकारने ते बंद केले आहे. येथे पैसे परत द्यावेत हे बहुतेकांना पटते. दुसरा, घर उघडे आहे, पण पाहुणाच विलगीकरणात अडकला आहे. तिसरा प्रसंग सर्वांत नाजूक. घर उघडे आहे, पाहुणा जाऊही शकतो, पण ज्या कारणासाठी जायचे ते कारणच उरलेले नाही. ब्रिटनमधील लोकांना याचा अनुभव 2020 च्या जुलैत आला. स्पेनहून परतणाऱ्यांना चौदा दिवस विलगीकरणात राहावे लागेल असे 25 जुलैच्या संध्याकाळी जाहीर झाले आणि त्याच मध्यरात्रीपासून ते लागू झाले. स्पेनमधील घरांची दारे उघडी होती. पण परतल्यावर दोन आठवडे कामावर जाता येणार नसेल, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय? भाईजान दुसऱ्या प्रसंगात होते. अम्मी आणि आम्ही तिसऱ्यात.

कायद्यालाही हा तिसरा प्रसंग नवा नाही. 1902 च्या जून महिन्यात लंडनमध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाची मिरवणूक निघायची होती. ती पाहण्यासाठी लोकांनी रस्त्यावरच्या खोल्या मोठ्या भाड्याने घेतल्या. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे ढकलली गेली. खोल्या होत्या तेथेच होत्या, खिडक्याही उघड्या होत्या. एका खोलीचे भाडे 75 पौंड ठरले होते, 25 आगाऊ दिले होते. 1903 मध्ये न्यायालयाने म्हटले की मिरवणूक हाच कराराचा पाया होता, म्हणून उरलेले 50 पौंड देणे लागत नाही. पण 1904 मध्ये तशाच दुसऱ्या खटल्यात निकाल आला की मिरवणूक रद्द होण्यापूर्वी जे दिले ते गेले. एवढेच नव्हे, तोवर जे द्यायचे ठरले होते तेही द्यावे लागेल. तोटा जेथे पडला तेथेच पडून राहील, असे ते तत्त्व.

हे तत्त्व नीट पाहिले तर त्यात न्याय फारसा नाही, योगायोग पुष्कळ आहे. ज्याने आगाऊ दिले तो बुडाला, ज्याने उशीर केला तो वाचला. पैसे कोणाच्या हातात होते एवढ्यावरून हक्क ठरला. इंग्लंडला ही चूक दुरुस्त करायला चार दशके लागली. 1943 च्या कायद्याने असे ठरवले की करार निष्फळ झाला तर आगाऊ रक्कम परत करावी, मात्र घेणाऱ्याने त्या करारासाठी जो खर्च केला असेल तो न्यायालयाला योग्य वाटल्यास त्यातून वजा करावा. आपल्या 1872 च्या करार कायद्यातही कलम 56 आणि 65 आहेत. करार अशक्य होऊन निरर्थक ठरला, तर ज्याला त्यातून लाभ मिळाला त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी, असा त्यांचा आशय. पण घर उघडे असताना करार अशक्य झाला असे म्हणायचे का, हा सवाल तसाच राहतो.

मग आम्ही फिकहकडे वळलो. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी हेच केले असते. तेथेही मतभेद आहेत. बाराव्या शतकातील मरगीनानी यांच्या ‘हिदाया’त हनफी मत आढळते की खरा उज्र निर्माण झाला तर इजारा, म्हणजे भाड्याचा करार, मोडता येतो. कोणी प्रवासासाठी जनावर भाड्याने घेतले आणि नंतर प्रवासाचा बेत सोडला, तर तो उज्र धरला जातो. मालकाने मात्र आपला बेत बदलला असे सांगून सुटता येत नाही. इतर तीन मझहबांत साधारणपणे भाडेकरूच्या व्यक्तिगत अडचणीने करार तुटत नाही. आफत येऊन बागेतली फळे नासली तर विकणाऱ्याने खरेदीदाराचे पैसे ठेवू नयेत, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्यावरही इमाम मालिक यांनी एक-तृतीयांश नुकसानीची मर्यादा घातली, तर हनफींनी ती सक्ती न मानता सदाचरणाची शिकवण मानली. थोर विद्वानांचे एकमत झाले नाही ते उगाच नव्हे. सवाल खरोखरच अवघड आहे.

आम्ही हनफी. आमच्या सोयीचा मसला सापडला म्हणून आम्ही खूश झालो. तेव्हा पत्नीने एक साधी गोष्ट विचारली. “रिक्षावाल्याच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होता? आणि तुमच्या पगाराच्या वेळी?”

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या मुलांना शाळेत नेणारा रिक्षावाला एप्रिलमध्ये दारात आला. म्हणाला, “सर, रिक्षा तयार आहे, हप्ता थांबलेला नाही.” आम्ही म्हणालो, मुलेच जात नाहीत तर भाडे कशाचे? आमचा स्वतःचा पगार मात्र चालू होता. सुरुवातीचे कित्येक आठवडे धड ऑनलाईन वर्गही नव्हते. तरी पगार हा आमचा हक्क आहे याविषयी आमच्या मनात शंका आली नाही. आम्ही शिकवायला तयार होतो, शाळा आम्ही बंद केली नव्हती. म्हणजे स्वतःच्या बाबतीत आमचे तत्त्व नेमके काकूंचे होते आणि रिक्षावाल्याच्या बाबतीत त्याच्या उलट. दोन्ही वेळा तत्त्व आमच्या खिशाच्या बाजूने उभे होते. कोणता मसला खरा हे शोधण्यापूर्वी तो आपण का शोधत आहोत हे पाहायला हवे होते.

अशा वेळी तिसऱ्याने निवाडा करावा असे वाटते. एअरबीएनबी या कंपनीने तो करून पाहिला. 14 मार्च 2020 पर्यंत झालेल्या आरक्षणांपैकी तिने ठरवलेल्या तारखांच्या आरक्षणांचे पूर्ण पैसे पाहुण्यांना परत मिळतील, असे तिने ठरवले. घरमालक संतापले, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. महिनाअखेर कंपनीच्या प्रमुखाने त्याबद्दल त्यांची माफी मागितली आणि 25 कोटी डॉलर बाजूला काढून, रद्द झालेल्या आरक्षणातून त्यांना जे मिळाले असते त्याच्या चौथा हिस्सा देऊ केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1 ऑक्टोबर 2020 रोजी विमान तिकिटांबाबत मधला मार्ग काढला. जी कंपनी लगेच पैसे देऊ शकत नाही तिने ती रक्कम प्रवाशाच्या नावे जमा ठेवावी, दरमहा थोडी वाढवावी आणि 31 मार्च 2021 पर्यंत न वापरल्यास परत द्यावी. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मान्य झाली. कोणाचीच चूक नसलेला तोटा सगळाच्या सगळा एकाच्या डोक्यावर ठेवणे बरे नव्हे.

आमचा निवाडा मात्र काकूंनीच केला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आम्ही न गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या चार रात्रींपैकी दोन रात्री पुण्याचे एक कुटुंब राहून गेले होते. खाली त्यांनी लिहिले होते, “त्याच दोन रात्रींचे पैसे दोनदा कसे घेऊ? सहा हजार तुमचे. तीन आता, तीन पुढच्या महिन्यात.” राहिलेल्या दोन रात्री रिकाम्या गेल्या, म्हणून त्यांचे सहा हजार त्यांनी ठेवले.

धाकट्याला हे आजही पटत नाही. निम्मे तरी का सोडले, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे अगदी चुकीचे नाही. पण पुण्याचे कुटुंब राहून गेले हे आम्हाला कधीच कळले नसते. कोणत्याही आयोगापुढे काकूंनी ते स्वतःहून सांगितले नसते तरी चालले असते. त्यांनी हिशोब उघडा केला आणि तेथे भांडण संपले. आम्हाला वाटते की या प्रकरणाचा नैतिक गाभा येथेच आहे. आगाऊ रक्कम हातात आली म्हणजे ती आपली झाली असे नव्हे. काम होईपर्यंत तिच्यात अमानतीचा अंश राहतो. म्हणून ज्याच्या हातात पैसे आहेत त्याने खरोखर किती खर्च झाला, किती भरून निघाला हे समोरच्यापुढे मांडावे. आणि मागणाऱ्यानेही आपली गरज किती, समोरच्याची ऐपत किती, हे पाहूनच हात पुढे करावा. निम्मे-निम्मे हा नियम नव्हे. उघडा हिशोब हा नियम आहे. उत्तर कधी निम्मे येईल, कधी सगळे, कधी काहीच नाही.

भाईजान 2022 मध्ये आले. कर्द्याला जाणे झाले नाही. भिवंडीच्या घरातच सगळे चार दिवस एकत्र राहिलो, अम्मीला तेवढे पुरले.

काकूंचे सहा हजार आले तेव्हा त्यातून रिक्षावाल्याला दोन महिन्यांचे पैसे द्यायचे आम्ही ठरवले होते. त्याच्या खोलीवर गेलो. हप्ते थकल्याने रिक्षा गेली होती आणि तो कुटुंबासह गावी निघून गेला होता. त्याचा फोन लागत नाही. तो हिशोब आमच्याकडे अजून उघडाच आहे.